पेन्सिलीतला 'खंड'

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी नाशिकच्या सिडकोत राहते, खाजगी अनुदानित हायस्कूलमध्ये शिक्षिका आहे. १५ जून १९९४ ला लागले, ३१ मे २०२७ ला रिटायर होणार. पेन्शनचे कागद काढायला घेतले तर ऑफिसमधले सर म्हणाले, मॅडम तुमच्या सेवेत आठ महिन्यांचा खंड लागतोय, पेन्शनवर परिणाम होईल. ते आठ महिने म्हणजे माझ्या मुलीच्या वेळची रजा. ती साडेसात महिन्यांची झाली, दीड किलोची, पेटीत ठेवली होती. १८ ऑगस्ट १९९७ पासून ९० दिवस प्रसूती रजा झाली, मग १५० दिवस बिनपगारी घेतली आणि १५ एप्रिल १९९८ ला हजर झाले. रीतसर अर्ज दिलेला, संस्थेच्या सहीचं मंजुरीपत्र घरी आहे. सेवापुस्तकात सरांनी पेन्सिलने बाजूला 'खंड ८ महिने' लिहिलंय. स्टाफरूममध्ये एकजण म्हणते २००९ च्या आधीच्या बाळंतपणाच्या रजा धरतच नाहीत, दुसरी म्हणते अर्ध्या धरतात. मिस्टर म्हणतात सरळ कोर्टात जाऊ. मला झोप लागत नाही. मूल जन्माला घातलं ते काय गैरहजर राहिले होते का मी? बेसिक आणि डीए मिळून आज साधारण १,१५,००० होतात. आणि जाता जाता, आमच्याकडे २०१४ ला अडतिसाव्या वर्षी लागलेल्या एक मॅडम आहेत, एनपीएसवाल्या, त्यांच्या रजेचं काय होतं तेही सांगा."

बाई, (मॅडम म्हणायला हवं, पण मी जुन्या वळणाची, माझ्या तोंडी बाईच बसलंय) आधी एक सांगते, तुमची पेन्शन एका रुपयानेही कमी होत नाहीये, आज रात्री झोपा. बाकीचं सगळं खाली आहे, सावकाश वाचा, पाहिजे तर सकाळी वाचा.

मी एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली, त्यातली शेवटची पंधरा तरी पेन्शनच्याच फायली केल्या, त्यामुळे तुमच्या ऑफिसमधल्या सरांना मी लांबून ओळखते असं समजा. ते वाईट नाहीत. ते घाबरलेत. क्लार्क माणूस फाईल परत यायला घाबरतो, त्यामुळे शंका आली की आधी पेन्सिलने लिहून ठेवतो, आणि जे लिहितो ते जरा जास्तच जड लिहितो. 'खंड' हा तसलाच शब्द. तुमच्या सगळ्या पत्रात मला खटकला तो हा एकच शब्द, रजा किती आणि कशी ते नंतर बघू.

आता ती आठ महिन्यांची रजा, ती एक रजा नाहीये, दोन वेगळ्या रजा आहेत. पहिले ९० दिवस प्रसूती रजा. ती पूर्ण पगारी, रजेच्या खात्यातून वजासुद्धा होत नाही, आणि पेन्शनच्या नियमांत (महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तीवेतन नियम, १९८२) साधा हिशोब आहे की ज्या रजेचा रजावेतन म्हणून पगार मिळतो ती रजा अर्हताकारी सेवेत धरायची. अर्हताकारी म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवा, ऑफिसात हा शब्द कानावर पडेल म्हणून सांगून ठेवते. तर तुमचे ते ९० दिवस पूर्ण धरायचे. अर्धे बिर्धे काही नाही. २००९ चं जे स्टाफरूममध्ये चाललंय ते कुठून आलं तेही कळतं मला, २४ ऑगस्ट २००९ ला वित्त विभागाचा जीआर आला आणि प्रसूती रजा ९० दिवसांची १८० दिवस झाली, त्यात दिवस वाढले एवढंच, आधीची रजा सेवेत धरायची की नाही हा विषयच त्यात नव्हता कारण ती आधीपासून धरतच होते. पण कुणीतरी कुणाला तरी 'ते २००९ नंतरचं आहे' असं सांगितलं असणार आणि मग डब्यातल्या भाजीसारखं ते टेबलावर फिरलं.

दुसरी रजा मात्र नाजूक आहे, आणि इथे मी तुम्हाला गोड बोलणार नाही. १६ नोव्हेंबर १९९७ ते १४ एप्रिल १९९८, मोजून १५० दिवस, बिनपगारी म्हणजे कागदावर 'असाधारण रजा'. ही रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळाली असेल तर सेवेत धरतात, तशी नसेल तर नाही. तुम्ही म्हणाल प्रमाणपत्र होतं की, पेडिॲट्रिकचं. पण ते बाळाचं होतं ना बाई, नियमातलं वैद्यकीय प्रमाणपत्र म्हणजे कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारपणाचं. दीड किलोचं बाळ सांभाळणं हे आजारपणापेक्षा कमी नाही हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही, नियम लिहिणाऱ्याला नव्हतं. बालसंगोपन रजा म्हणून पगारी १८० दिवस आता मिळतात पण तो जीआर २३ जुलै २०१८ चा, तुमची मुलगी तोवर जवळजवळ एकवीस वर्षांची झालेली. त्यामुळे ते १५० दिवस सेवेतून वजा होणार हे धरून चाला.

आणि एक, कुणीतरी हमखास सांगेल की आता एखाद्या ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचं तुमच्या नावाचं सर्टिफिकेट आणा, लावून टाकू. अजिबात आणू नका. तेहतीस वर्षांची स्वच्छ नोकरी आणि शेवटच्या वर्षात खोटा कागद, कशासाठी, तर किती रुपयांसाठी ते खाली सांगते, हसाल तुम्ही.

पण वजा होणं वेगळं आणि खंड वेगळा. हे नीट समजून घ्या, कारण हेच ऑफिसात ठामपणे बोलायचंय. वजा म्हणजे ते १५० दिवस मोजायचे नाहीत, पुढचं मागचं सगळं मोजायचं. खंड म्हणजे सेवा तुटली. आणि सेवा तुटली की तुटण्याच्या आधीची सेवाच बाद होते, वरच्यांनी तो खंड क्षमापित म्हणजे माफ केला तरच वाचते. म्हणजे १९९४ ते १९९८ पर्यंतची तुमची सगळी वर्षं पुसली आणि तुम्ही नोकरीला लागलात १५ एप्रिल १९९८ ला, असं. खंड कुणाचा होतो, जो न सांगता गेला, रजा मंजूर नाही, किंवा राजीनामा देऊन परत आला. तुमच्याकडे अर्ज आहे, मंजुरी आहे, हजर झाल्याची तारीख आहे. मंजूर असाधारण रजा ही रजाच असते, माणूस नोकरीतच असतो. अहो, विनापरवानगी गैरहजेरीसुद्धा नंतर असाधारण रजेत बदलून देता येते, मग तुमची तर पहिल्यापासूनच रजा आहे, तिला खंड म्हणायचं कारणच काय.

आता पैशाचं बोलू, कारण झोप त्यानेच गेलीये.

पेन्शनला किमान १० वर्षं सेवा लागते आणि २० वर्षं झाली की शेवटच्या बेसिकच्या निम्मी, म्हणजे पूर्ण पेन्शन. पूर्वी पूर्ण पेन्शनला ३३ वर्षं लागायची, तो नियम २००९ ला सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी गेला, पण जुन्या लोकांच्या डोक्यातून ते ३३ काही जात नाही, आणि तुमच्या सरांच्या डोक्यातही तेच असणार म्हणून ते म्हणाले पेन्शनवर परिणाम होईल. तुमची नोकरी १५ जून १९९४ ते ३१ मे २०२७ म्हणजे ३२ वर्षं ११ महिने १७ दिवस. यातून १५० दिवस काढा, आठ महिने काढा, अगदी खंड धरून पहिली चार वर्षं काढा, तरी २९ वर्षं राहतात. २० च्या खूप वर. पेन्शनला कशानेच धक्का लागत नाही.

फरक पडतो तो ग्रॅच्युइटीत, म्हणजे रिटायर होताना एकरकमी मिळते तिच्यात. तिथे ३३ अजून जिवंत आहे. प्रत्येक पूर्ण सहामाहीला शेवटच्या बेसिक अधिक डीएच्या पाव पट, जास्तीत जास्त साडेसोळा पट, आणि वर मर्यादा २० लाखांची, ती १ सप्टेंबर २०२४ पासून, आधी १४ लाख होती. सहामाही मोजताना वरचे तीन महिने किंवा जास्त भरले तर ती अख्खी सहामाही धरतात, तीनपेक्षा कमी असले तर सोडतात. ही तीन महिन्यांची गंमत लक्षात ठेवा.

मी तुमचा हिशोब वहीत मांडला, चहा घेऊन बसले होते. काहीच वजा न करता तुमच्या ६६ सहामाह्या होतात (३२ वर्षांच्या ६४, मग ११ महिन्यांत एक पूर्ण आणि वर पाच महिने, म्हणून अजून एक). साडेसोळा पट, १,१५,००० ने १८,९७,५०० रुपये. आता नियमाप्रमाणे १५० दिवस काढले तर राहतात ३२ वर्षं ६ महिने १७ दिवस, म्हणजे ६५ सहामाह्या, सव्वासोळा पट, १८,६८,७५०. फरक २८,७५०. हाच तो पैसा ज्यासाठी खोटं सर्टिफिकेट आणायचं म्हणतील लोक.

पुढे अजून मजा आहे. सरांनी आठच्या आठ महिने वजा केले तर? ३२ वर्षं ३ महिने १७ दिवस. वरचे तीन महिने भरतात, परत ६५ च! म्हणजे तुमच्या बाबतीत ते प्रसूतीचे ९० दिवस धरले काय न धरले काय, रुपयाचा फरक नाही. (तरी ते धरायलाच लावा, हक्काचे आहेत आणि उद्या त्याच ऑफिसात दुसरीची फाईल जाईल, तिचा हिशोब त्या तीन महिन्यांच्या काठावर पडला तर तिची सहामाही जाईल.) आणि कुणी सुचवलं की त्या वेळी तीन वर्षांची अर्धपगारी रजा ६० दिवस शिल्लक असणार, ती १५० दिवसांत बसवून घ्या, तर तेही करून पाहिलं मी, ९० दिवस वजा केले तरी ३२ वर्षं ८ महिने म्हणजे ६५ च. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची रजा बदलून मागायची, संस्थेचा ठराव, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, आणि हातात भोपळा. सोडून द्या.

पण तो पेन्सिलीतला शब्द शाईत गेला तर? सेवा १५ एप्रिल १९९८ पासून, २९ वर्षं दीड महिना, ५८ सहामाह्या, साडेचौदा पट, १६,६७,५००. म्हणजे १८,६८,७५० च्या जागी दोन लाख एक हजार दोनशे पन्नास रुपये कमी. एका शब्दाचे. म्हणून म्हणते, रजेवरून भांडू नका, त्या शब्दावरून भांडा.

(आणि येत्या जुलैचं इन्क्रिमेंट आणि एक-दोन वेळा डीए वाढून तुमची बेरीज १,२३,१०० च्या आसपास गेली तर ६५ सहामाह्यांतच २० लाखांची मर्यादा गाठली जाते, मग तो २८ हजारांचा फरकही राहत नाही.)

आता माझं सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की ही बाई नुसती नियम सांगतेय. माझी स्वतःची पहिली बाळंतपणाची रजा, ८५ सालची, माझ्या सेवापुस्तकात नव्हतीच. इतरांची पुस्तकं मी पूर्ण करायचे, ओळ आणि ओळ तपासून, आणि माझ्याच पुस्तकात दिव्याखाली अंधार. शाळेचं नाव घेत नाही, आणि दोष तरी कुणाला देऊ, नोंद करणारे तेव्हाचे हेडक्लार्क कधीच वारले. मला कळलं रिटायरमेंटला सात महिने असताना. रजेचा आदेश मिळेना. शेवटी आठवलं, त्या वर्षीची पीएफची स्लिप सासूबाईंनी लग्नपत्रिकांच्या डब्यात ठेवली होती, हळदीकुंकवाचे डाग पडलेली, तिच्यात प्रत्येक महिन्याची कपात दिसत होती, म्हणजे त्या महिन्यांत पगार निघाला होता, म्हणजे रजा पगारी होती. शाळेच्या माळ्यावरून त्या वर्षाची पगारबिलं काढली, वाळवी लागलेली, पण माझं नाव असलेली ओळ शाबूत. त्या दोन कागदांवर नोंद झाली.

म्हणून तुम्हीही नुसत्या मंजुरीपत्रावर राहू नका. १९९७-९८ ची पीएफ स्लिप शोधा, तिच्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर कपात दिसेल आणि पुढे काही महिने कोरे, तो एकच कागद तुमची दोन्ही रजांची गोष्ट सांगतो. मुलीचा महापालिकेचा जन्मदाखला तर असेलच. शाळेत हजेरीचं मस्टर आणि जावक रजिस्टर बघायला मागा, मंजुरीपत्राचा जावक क्रमांक तिथे सापडला की पत्राला दुप्पट वजन येतं. आणि तुमचं दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे आपल्याकडे राहते ती दुसरी प्रत, घरी आहे का? असेल तर त्यात १९९८ ची नोंद काय आहे ते बघा, कित्येकदा मूळ पुस्तकात राहून गेलेलं दुय्यममध्ये असतं.

मग मुख्याध्यापकांच्या नावे एक पानी अर्ज. भावना लिहू नका त्यात, काचेच्या पेटीचं लिहू नका, ते मला लिहिलंत ते बरं केलंत, पण ऑफिसला नको. सेवापुस्तकात अशी नोंद घ्यावी ही विनंती, आणि नोंद शब्दशः लिहून द्या म्हणजे क्लार्कला डोकं चालवावं लागत नाही: "दि. १८/०८/१९९७ ते १५/११/१९९७ (९० दिवस) प्रसूती रजा, पूर्ण वेतनी. दि. १६/११/१९९७ ते १४/०४/१९९८ (१५० दिवस) असाधारण रजा, विनावेतन, मंजूर, आदेश जा.क्र. अमुक, दि. अमुक. दि. १५/०४/१९९८ रोजी म.पू. हजर." (जा.क्र. म्हणजे जावक क्रमांक, म.पू. म्हणजे मध्यान्हपूर्व.) खाली मुख्याध्यापकांची सही शिक्का. 'खंड' शब्द कुठेही नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट, हसतमुखाने घ्या पण घ्या. आणि सरांना म्हणा, सर ते पेन्सिलचं तेवढं खोडून टाका ना. रबर तुमच्या पर्समध्ये असू द्या, ऑफिसात कधी सापडत नाही.

हे आत्ताच करा, दिवाळीपर्यंत थांबू नका. तुमचा प्रस्ताव शाळेतून शिक्षणाधिकारी माध्यमिककडे, तिथून मुंबईला महालेखापालांकडे जाणार (नाशिक विभाग मुंबईला, विदर्भ मराठवाडा नागपूरला), आणि निवृत्तीच्या सहा महिने आधी तो तिथे पोचलेला बरा, म्हणजे नोव्हेंबर २०२६. आणि नाशकात त्या वेळी काय असणार आहे ते सांगायला नको, ऑक्टोबर अखेरीस कुंभमेळ्याचं ध्वजारोहण, फेब्रुवारीत जनगणना, निम्मी जिल्हा परिषद ड्युट्यांवर. जो साहेब तुमच्या फायलीवर सही करणार तो रामकुंडावर बॅरिकेड मोजत असेल. शिक्षकांनाही जनगणनेच्या याद्या लागणार, तुम्हाला शेवटच्या वर्षातही सोडतील असं समजू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगते, कारण खरी अडचण आली तर इथून येते. इन्क्रिमेंट. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवायची असाधारण रजा वेतनवाढीलाही धरत नाहीत, म्हणजे तुमची जून १९९८ ची वेतनवाढ पाच महिने पुढे, नोव्हेंबरला जायला हवी होती. गेली होती का बघा. बऱ्याच शाळांत ती जूनलाच लावून टाकायचे. तशी लावली असेल तर पडताळणीत 'अतिप्रदान' (जास्त दिलेला पैसा) म्हणून वसुली निघू शकते. किती? तुमची ग्रेड तेव्हा ५५००-१७५-९००० असणार, वर्षाला पाच महिने १७५ रुपये जास्त, १९९८ ते २००५ अशी आठ वर्षं, सात हजार रुपये आणि त्यावरचा डीए. २००६ पासून सगळ्यांचं इन्क्रिमेंट १ जुलैला आलं आणि तो फरक तिथेच मिटला, आजच्या बेसिकवर त्याचा काही परिणाम नाही. त्यामुळे घाबरण्यासारखं नाही, पण शेवटच्या महिन्यात अचानक समोर आलं तर माणूस हबकतो म्हणून आधीच माहीत असू द्या.

वसुली निघालीच तर सुप्रीम कोर्टाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफीक मसीह निकाल सांगा, वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, रिटायर झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जास्त पैसे दिले गेले असतील तर, अशी वसुली करू नये. हे पंजाबचं प्रकरण असलं तरी आपल्याकडे सर्रास वापरतात. फक्त एक मेख आहे, २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात कोर्ट म्हणालं की जास्त गेलं तर परत करीन असं वचनपत्र लिहून दिलं असेल तर वसुली होऊ शकते, आणि वेतननिश्चितीच्या वेळी आपण सगळ्यांनी न वाचता तसल्या कागदावर सह्या केल्यात. तुमच्या पुस्तकात तसं वचनपत्र डकवलेलं आहे का, कुठल्या वर्षाचं, तेवढं बघून ठेवा. सात हजारांसाठी वकील करू नका हो, भरून टाका आणि मोकळ्या व्हा, हे माझं मत, पटलं तर बघा.

मिस्टरांना सांगा कोर्ट वगैरे नंतर. अजून कुणी काही नाकारलेलंच नाहीये, एका माणसाने पेन्सिलने दोन शब्द लिहिलेत फक्त. अर्ज दिल्यावर महिना दीड महिना काही झालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून स्वतःच्या सेवापुस्तकाची प्रत आणि अर्जावरच्या कार्यवाहीची माहिती मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तोही पहिल्या दिवशी टाकू नका, ज्या हाताने तुमचा प्रस्ताव लिहायचाय त्याच हाताला आधीच नोटीस कशाला. तुम्ही तिथे तेहतीस वर्षं काढलीत, एकदा समोर खुर्ची घेऊन बसा आणि वरचा ५८ आणि ६५ चा हिशोब त्यांना दाखवा. क्लार्क माणसाला आकडा दाखवला की तो ऐकतो, माझ्यावर विश्वास ठेवा.

राहिल्या त्या २०१४ वाल्या मॅडम. त्यांचं गणित तुमच्यापेक्षा वेगळं आहे, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांचं एनपीएसचं म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं खातं आहे, त्यात त्यांचे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के. प्रसूती रजा पूर्ण पगारी असल्याने त्या सहा महिन्यांत दोन्ही रकमा खात्यात जायलाच हव्यात, आणि जात नाहीत कधी कधी, रजेच्या काळातलं पगारबिल वेगळं निघालं की कपात राहून जाते. त्यांना म्हणावं प्रानचं (त्या पेन्शन खात्याच्या नंबरचं) स्टेटमेंट काढा आणि रजेचे ते सहा महिने बोटाने एकेक मोजा, दोन्ही रकाने. राहिलं असेल तर आज मागितलेलं बरं, वीस वर्षांनी त्यावरचं वाढलेलं कोण देणार. बिनपगारी रजा घेतली असेल तर त्या महिन्यांचं काही जमा होत नाही, तो खड्डा तसाच राहतो.

आणि त्या अडतिसाव्या वर्षी लागल्या म्हणताय, मग अठ्ठावन्नला रिटायर होताना जेमतेम वीस वर्षं भरतील. राज्याची १ मार्च २०२४ पासूनची सुधारित पेन्शन योजना त्यांनी घेतली तर तिथेही निम्म्या पगाराला २० वर्षंच लागतात, १० ते २० मध्ये असेल तर त्या प्रमाणात कमी. तुमच्याकडे बारा वर्षं जादा आहेत म्हणून १५० दिवसांचं काही वाटलं नाही, त्यांच्याकडे कदाचित बारा दिवसही नसतील. त्यामुळे त्यांनी पुढे मुलांसाठी रजा घ्यायची वेळ आली तर आधी बालसंगोपन रजा मागावी, ती पगारी आहे, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत घेता येते, आणि बिनपगारीचा अर्ज अगदी शेवटी. मुख्याध्यापक म्हणतील परीक्षा आहेत, नंतर बघू, तरी लेखी अर्ज द्यावा.

तुमचं ते मंजुरीपत्र, अठ्ठावीस वर्षं जुनं आहे, घड्यांवर फाटलं असेल. लॅमिनेट करू नका, मग ऑफिसवाले झेरॉक्सच समजतात. सीबीएसजवळ कुठेही कलर झेरॉक्स काढा चार, मूळ पत्र पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा, आणि मूळ प्रत कुणी कितीही गोड बोलून मागितली तरी समोर बसून दाखवायची आणि परत पर्समध्ये.